काठी, टॉर्च आणि पंचनामा: मराठवाड्यात शिकार रोखणाऱ्या वनरक्षकाचं काम

प्रश्न असा आहे: मराठवाड्यात ना मोठं जंगल, ना एकही व्याघ्र प्रकल्प. मग इथल्या वनरक्षकाला शिकाऱ्यांपासून एवढा धोका कसला, आणि नव्यानं बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, रुजू होणाऱ्यानं स्वतःचा जीव सांभाळून शिकार रोखायची कशी?

जंगल कमी आहे म्हणूनच धोका जास्त आहे. किनवट-माहूरचा सागवानी पट्टा, गौताळा औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगावचं मयूर अभयारण्य आणि पैठणचा नाथसागर एवढं सोडलं, तर इथले प्राणी शेतशिवारात, गायरानात आणि माळावर राहतात. काळवीट हरभऱ्यात, रोही (नीलगाय) तुरीत, मोर ओढ्याकाठच्या बाभळीवर. अभयारण्यात निदान नाका असतो, संरक्षण कुटी असते, वायरलेस असतो. शिवारात यातलं काही नाही. बीटही सलग नसते, पाच-सात गावांच्या गट नंबरांत विखुरलेले तुकडे असतात. ताडोबा, मेळघाट, पेंच इथे विशेष व्याघ्र संरक्षण दलाची हत्यारबंद माणसं आहेत. इथल्या वनरक्षकाच्या हातात काठी, टॉर्च आणि मोबाईल. वनकर्मचाऱ्यांना हत्यारं, बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं. तोवर आणि त्यानंतरही रात्रीची गस्त काठीवरच चालू राहिली आहे.

वाघ नाही हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून मराठवाड्याच्या शिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१ मध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. हे प्राणी शेकडो किलोमीटर लोकांच्या शेतांतून येतात. डुकरासाठी लावलेल्या एका वायरीनं तो प्रवास कुठेही संपला असता.

शिकारी कोण, हे आधी नीट समजून घ्या, कारण धोका त्यावर ठरतो. पहिला, पिकात डुक्कर शिरतं म्हणून बांधावर करंट सोडणारा. दुसरा, मटणासाठी निघणारा: धुळवड, आखाड, पोळ्याची कर असे दिवस जवळ आले की मोटारसायकली, सर्चलाइट, कुत्री आणि वाघरी (शिकारीची जाळी) घेऊन चार-सहा जणांची टोळी फिरते. तिसरा, व्यापारी: मांडूळ, खवले मांजर, बिबट्याचं कातडं, घोरपडीच्या अवयवाची 'हाताजोडी' म्हणून विक्री. हा तिसरा शिवारात क्वचितच सापडतो. त्याचा सौदा फोनवर आणि ढाब्यावर होतो, त्यामुळे तिथे खबर आणि बनावट गिऱ्हाईक लागतं, आणि ते काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी पोलिसांना सोबत घेऊनच करायचं असतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. संशय आला की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय मोडा. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांची त्यातून सुटका १९५२ मध्ये झाली; आपल्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही. करंट लावायला स्वतःचं शेत आणि जवळ विजेचा खांब लागतो. पालावर राहणाऱ्याकडे दोन्ही नसतं. उलट माग काढण्यात पारध्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला विश्वासात घेतलं तर तो कोणत्या ओढ्यात फासे लागलेत हे सांगतो.

आता गस्त. अंधाऱ्या पंधरवड्यात सर्चलाइटवाले निघतात, चांदण्या रात्री पाणवठ्यावर बसणारे. उन्हाळ्यात पाणवठे, जानेवारी-फेब्रुवारीत उभी ज्वारी आणि हरभरा, सोयाबीन निघाल्यावर मोकळं रान, असा वर्षाचा हिशेब ठेवा. रात्री उंच टेकाडावर किंवा पाझर तलावाच्या भिंतीवर टॉर्च बंद करून अर्धा तास नुसतं बसा. शिवारात उजेड दिसतीलच, कारण शेतीला रात्रीची लाइट असते आणि माणसं पाणी द्यायला गेलेली असतात. दारं धरणाऱ्याचा उजेड खाली, पायाशी असतो. सरीच्या रेषेत हळूहळू सरकतो, मध्येच एका जागी थांबतो. शिकाऱ्याचा उजेड आडवा फिरतो, पिकाच्या शेंड्यांवरून झाडल्यासारखा. तो एका जागी स्थिर झाला की समजा डोळे चमकले आहेत. मग उजेड अचानक विझतो, किंवा छर्ऱ्याचा बार ऐकू येतो. मोटारसायकल चालू ठेवून हळूहळू नेत असतील तर इंजिनाचा एकसुरी आवाजही लांबून येतो. जागा पक्की झाली की त्यांच्या मागे धावू नका. शिवारातून डांबरी रस्त्याला लागायच्या वाटा दोन किंवा तीनच असतात. त्या धरा.

तीन माणसांच्या खाली रात्रीची गस्त नको. एक वनरक्षक, एक वनमजूर आणि तिसरा शेजारच्या बीटचा. दोघांनी जायचं आणि एकानं जखमी व्हायचं म्हणजे मदत आणायला कुणी उरत नाही. बूट घोट्याच्या वर हवेत. फुरसं आणि घोणस बांधाच्या दगडांत असतात. चावलंच, तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जिथे प्रतिविष आहे ते रुग्णालय गाठा. आपल्या बीटपासून असं रुग्णालय कोणतं, हे दिवसा विचारून ठेवायचं असतं. मण्यार चावलेलं अनेकदा दुखतही नाही. पोटात कळ आणि पापण्या जड होणं ही तिची खूण, त्यामुळे "काही झालं नाही" म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्या. एप्रिल-मेमध्ये माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं सोबत हवीत.

सगळ्यांत जास्त भीती बाळगावी ती वायरीची. बंदुकीचा आवाज येतो, माणूस दिसतो. वायर दिसत नाही आणि तिला वनरक्षक आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही. मांडणी साधी असते. गज-दीड गजाच्या अंतरावर वाळक्या काटक्यांच्या खुंट्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे किंवा सलाईनच्या बाटलीचं प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि त्यावरून बारीक बाइंडिंग तार. सशासाठी तार वीतभर उंचीवर, डुकरासाठी गुडघ्याच्या खाली, काळविटासाठी त्याहून वर. एक टोक थेट लाइनवर आकड्यानं टाकलेलं किंवा मोटारीच्या पेटीतून घेतलेलं. ११ केव्ही लाइनवर आकडा असेल, तर तारेला हात लागायचीही गरज नाही; ओल्या जमिनीत तारेजवळ पाऊल टाकलं तरी झटका बसू शकतो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. खुंट्यांची रांग दिसली की जागच्या जागी थांबा. मागच्यांना आवाज द्या. दोन्ही पाय जवळ ठेवून, लहान लहान पावलं घासत, आलेल्या वाटेनंच किमान दहा मीटर मागे या. तार तोडू नका, काठीनं हलवू नका, मेलेल्या जनावराला हात लावू नका. महावितरणच्या उपकेंद्राला फोन करून तो फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ती लाइन, बंद करायला लावा आणि लाइनमन येऊन परमिट घेऊन, तारेला अर्थिंग करून "झालं" म्हणेपर्यंत पुढे सरकू नका. इथे हमखास होणारी चूक अशी: लाइट गेलेली दिसते, म्हणून माणूस तार उचलतो. शेतीच्या फीडरला पाळी असते, लाइट कोणत्याही मिनिटाला परत येते. घरगुती टेस्टरचा या तारेवर काही उपयोग नाही, उलट तो हातात धरणं हाच धोका आहे.

उपकेंद्राशी दोस्ती ठेवण्याचा दुसराही फायदा आहे. जनावर तारेला चिकटलं की फीडर ट्रिप होऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडू शकतो, आणि त्याची वेळ लॉगशीटवर पडते. एकाच फीडरवर रात्री एक ते चारच्या दरम्यान वारंवार ट्रिप दिसत असेल, तर त्या फीडरखालची शेतं दिवसा पायी बघा. खुंट्या काढून नेल्या असल्या तरी जमिनीत ओळीनं भोकं राहतात, जळालेलं गवत राहतं. लॉगशीटची प्रमाणित प्रत पुढे पुरावा म्हणून लागते, आणि विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा वेगळा गुन्हा नोंदवता येतो. मेलेल्या प्राण्याच्या पायावर किंवा तोंडावर भाजल्याची रेघ असते. मोजपट्टी शेजारी ठेवून तिचा फोटो घ्या.

फासे शोधायला चौघांनी चार-पाच मीटरचं अंतर ठेवून एका रांगेत चालावं. नजर जमिनीवर नको, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. कुंपणातली भगदाडं, ओढ्यात उतरणाऱ्या पायवाटा, दोन झुडपांमधली अरुंद जागा या ठिकाणी क्लच वायरीचं वेटोळं दिसतं. फास ताजा असेल, म्हणजे तार चमकते आणि खुंटीची माती ओली आहे, तर लावणारा पहाटे बघायला येणार. त्याला धरायचं असेल तर वेटोळं मोकळं करून ठेवा, म्हणजे प्राणी अडकणार नाही, आणि दबा धरा. प्राणी अडकू देऊन माणूस पकडायचा, हे कधीच करू नका.

गावठी बॉम्बबद्दल थोडक्यात: पीठ, चरबी किंवा आतडी गुंडाळलेला लिंबाएवढा गोळा डुकराच्या वाटेवर दिसला, तर उचलू नका, पायानं ढकलू नका, पाणी ओतू नका. जागा दुरून दगडांनी किंवा फितीनं खुणा करून बंद करा, गुराख्यांना तिकडे जाऊ देऊ नका आणि पोलिसांमार्फत बॉम्बशोधक पथक बोलवा. पाणवठ्यावर मेलेले पक्षी, मासे किंवा किडे एकदम दिसले तर विषाचा संशय घ्या. स्वच्छ काचेच्या बाटलीत एक लिटर पाणी सील करा आणि आधी तो पाणवठा काट्यांनी बंद करा, पंचनामा मग.

टोळी समोर आली तर? अंगावर जाऊ नका. उजेड तोंडावर मारून स्वतः कडेला सरका, कारण गोळी उजेडाच्या दिशेनं येते. ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो, पण त्या एका बारानं माणूस मरतो. कुत्री सोडली तर पाठ दाखवून पळू नका. ११२ ला फोन, गाडीचा नंबर, माणसांची संख्या, कपडे, कोणत्या दिशेला गेले: एवढं हातात आलं की त्या रात्रीचं काम झालं. माणूस उद्याही पकडता येतो. हे सांगायला सोपं आहे, आणि समोर गळा चिरलेलं काळवीट पडलेलं असताना मागे सरकणं फार अवघड असतं, हे मला माहीत आहे. तरीही मागे सरका.

आता कागद. नवीन मुलांना हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण रात्रभर जीव धोक्यात घालून पकडलेला माणूस सुटतो तो बहुतेक इथेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झालेली २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. काळवीट, चिंकारा, मोर, बिबट्या, खवले मांजर हे अनुसूची १ मध्ये. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं, दंड किमान २५ हजार रुपये. अभयारण्यातली शिकार असेल तर प्राणी कोणताही असो, हीच शिक्षा. डुक्कर, रोही, ससा अनुसूची २ मध्ये. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकार या शब्दात फास लावणं, जाळं लावणं, आमिष ठेवणं आणि त्याचा प्रयत्न हे सगळं येतं. म्हणजे प्राणी मेलेला नसला तरी गुन्हा पूर्ण आहे.

घटनास्थळी आधी लांबून फोटो, मग मधला, मग जवळचा, मोजपट्टीसह. गट नंबर किंवा कक्ष क्रमांक, जीपीएस, वेळ, आणि पंचनामा कोणत्या उजेडात लिहिला हेसुद्धा नोंदवा. बचाव पक्षाचा वकील विचारतोच की रात्री दोन वाजता तुम्हाला रक्त दिसलं कसं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करायचं आहे, त्यामुळे मोबाईल चार्ज करूनच निघा. पंच दोन, त्याच गावचे पण आरोपीच्या भावकीतले नकोत, आणि प्रत्येक गुन्ह्यात तेच ठरलेले दोघे तर मुळीच नकोत. पंच फितूर झाले की खटला लंगडा होतो.

मांसाचा तुकडा डीएनएसाठी असेल तर शुद्ध अल्कोहोलमध्ये, विषाच्या तपासणीसाठी जठर, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात. फॉर्मलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. शिजवलेल्या रश्श्यातल्या फोडीवरूनही प्राणी ओळखता येतो, म्हणून पातेलं चुलीवर आहे म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक पुड्यावर पी.ओ.आर. (प्राथमिक गुन्हा अहवाल) क्रमांक, तारीख, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, आणि त्याच सीलचा नमुना पंचनाम्यावर. पुडा कुणाकडून कुणाकडे किती वाजता गेला याची नोंद एक दिवसही तुटली, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला आला तरी तो उपयोगी पडत नाही.

कबुलीजबाबाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५०(८) खालचा पुरावा नोंदवण्याचा अधिकार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे, आणि तो आरोपीच्या समक्ष नोंदवलेला असेल तरच पुढे न्यायालयात ग्राह्य धरला जातो. वनपालानं चौकीत लिहून घेतलेल्या जबाबाला ती ताकद नाही. आरोपीला हात लावू नका, वैद्यकीय तपासणी करा, नातेवाइकांना कळवा, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. मारहाणीची एक खूण सापडली की शिकारीचा खटला बाजूला पडतो आणि वनरक्षकच पिंजऱ्यात उभा राहतो. आरोपीचा मोबाईल जप्त करताना लगेच फ्लाइट मोडवर टाका. कॉल तपशील पोलिसांमार्फत मागवा आणि सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या.

आणि मग सकाळ होते. व्याघ्र प्रकल्पातला जवान गस्त संपवून कॅम्पवर जातो. मराठवाड्यातला वनरक्षक त्याच गावात भाड्यानं राहतो जिथला माणूस त्यानं रात्री पकडला. किराणा त्याच दुकानातून, मुलं त्याच शाळेत. दुपारपर्यंत "जाऊ द्या ना, पिकासाठीच लावली होती" असे फोन सुरू होतात. मग जरा मोठ्या माणसाचा फोन. मग बदलीची धमकी. मला विचाराल तर या कामातलं खरं धाडस इथे लागतं, रात्रीच्या धावपळीपेक्षा कितीतरी जास्त. महिला वनरक्षकांना तर घरमालकाकडून खोली खाली करून घेण्यापर्यंत त्रास होतो. यावर उपाय दोनच: पी.ओ.आर. त्याच रात्री नोंदवा, म्हणजे सकाळी "मिटवण्यासारखं" काही हातात उरत नाही. आणि आलेल्या प्रत्येक दबावाची वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कल्पना द्या. अधिकाऱ्यांनीही तक्रारीत आणि माध्यमांत पुढे स्वतःचं नाव ठेवावं, बीट गार्डचं नाही. हल्ला झाला तर न्याय संहितेच्या कलम १३२ खाली त्याच दिवशी फिर्याद, आणि जखम किरकोळ वाटली तरी सरकारी दवाखान्यात नोंद.

अजून एक नोंद कुणी विसरू नये, ती फिरतीची. निघण्याआधी दैनंदिनीत वेळ, मार्ग आणि सोबतच्यांची नावं लिहा, आणि सहकाऱ्यांच्या मोबाईल गटावर लोकेशन टाका. हे स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठी आहे. या नोकरीत माणसं जातात. ताडोब्यात २० नोव्हेंबर २०२१ रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामात पायी चालत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ११ सप्टेंबरला, राजस्थानातल्या खेजडलीत १७३० मध्ये झाडांसाठी जीव दिलेल्या ३६३ बिश्नोईंच्या स्मृतिदिनी, देशभर वन हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पण नांदेडच्या एखाद्या बीटवर रात्री दोन वाजता वायरीला चिकटलेला वनमजूर नोंदवहीत नसेल, तर तो "कर्तव्यावर होता" हे सिद्ध करायला त्याच्या बायकोला कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. रोजंदारीवरच्या माणसाची नोंद तर आवर्जून करा, कारण त्याच्यामागे सेवापुस्तकाचाही आधार नसतो.

गावकरी विचारतात, आम्ही काय करावं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. फोन करताना गट नंबर किंवा जवळची खूण सांगा: विहीर, पाझर तलाव, डीपी. माणसं किती, गाडी कोणती, कुत्री आहेत का, आणि करंटचा संशय असेल तर ते सगळ्यांत आधी सांगा, म्हणजे येणारा वनरक्षक अंधारात त्या बांधावर पाय ठेवण्याआधी फीडर बंद करून घेईल.